घरच्या गाडीचं पासिंग

पासिंग ही भानगड आपल्याकडे कमावत्या गाड्यांच्या मागे असते. रिक्षा, टेम्पो, ट्रक, एसटी. आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी त्यांनी फिटनेसचा दाखला काढायचा. घरची गाडी मात्र लाडकी. एकदा नोंदणी झाली की पंधरा वर्षं तिला ‘बाई गं, तुझे ब्रेक लागतात का?’ असं विचारायला कुणी येत नाही. पीयूसीचा कागद तेवढा काढावा लागतो आणि तो पेट्रोल पंपाशेजारच्या व्हॅनमध्ये, गाडीचं इंजिन गार व्हायच्या आत हातात पडतो. माझ्या मामांची स्कूटर शेवटची काही वर्षं ब्रेकवर नव्हे, मामांच्या उजव्या चपलेवर थांबायची. दिवाळीत सगळ्यांना कपडे घेतले जायचे, मामांना चपला.

असल्या मोकळ्या हवेत वाढलेला माणूस ब्रिटनमध्ये येतो, पावसात बसची वाट बघून कंटाळतो, गाडी घेतो आणि गाडीला तीन वर्षं पुरी झाली की त्याला कळतं, इथे घरच्या गाडीलाही पासिंग आहे आणि तेही दरवर्षी. यावर नवख्या मराठी माणसाचा प्रश्न ठरलेला असतो. “पण आपण कुठं टॅक्सी चालवतो?”

इथल्या पासिंगला एमओटी म्हणतात. मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्टची ही आद्याक्षरं. त्या नावाचं खातं केव्हाच गेलं, तपासणी तेवढी राहिली. ती चुकवली तर १००० पौंडांपर्यंत दंड. आणि चुकवली हे पकडायला कोपऱ्यावर दबा धरून बसलेला हवालदार नसतो. रस्त्याकडेचा कॅमेरा नंबर वाचतो आणि गप्प राहतो, हे जास्त भयंकर. हवालदाराशी निदान बोलता तरी येतं. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणायला सवलत आहे, पण ती मोजकीच: तपासणीची वेळ आधी ठरवलेली असेल आणि तुम्ही तिकडेच निघाला असाल तर चालतं. ‘साहेब, जरा देवाला निघालो होतो’ हे कारण नियमात बसत नाही.

ही तपासणी सुरू झाली १२ सप्टेंबर १९६० ला. अर्नेस्ट मार्पल्स नावाचे गृहस्थ तेव्हा वाहतूक मंत्री होते. सुरुवातीला दहा वर्षांहून जुन्या गाड्यांचे फक्त ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग बघत. इतक्या गाड्या नापास झाल्या की सरकार हबकलं, १९६१ च्या अखेरीस दहाची अट सातावर आणली आणि १९६७ मध्ये तिनावर. मार्पल्ससाहेबांची गंमत अशी की रस्ते बांधणाऱ्या एका मोठ्या कंपनीत त्यांचा स्वतःचाच वाटा होता. मंत्री झाल्यावर त्यावरून बोंब उठली आणि शेअर विकावे लागले. पुढे १९७५ मध्ये करखात्याचं लचांड मागे टाकून ते मोनॅकोला निघून गेले. साऱ्या देशाच्या गाड्या तपासायला लावणाऱ्या माणसाची तपासणी करायची मात्र राहून गेली होती. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

तपासतात काय? ब्रेक, टायर, दिवे, सस्पेन्शन, सीटबेल्ट, आरसे, काच, वायपर, धूर, गंज. काय तपासत नाहीत ते ऐकून आपला माणूस चक्रावतो: इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स कसे चालतात हे कुणी बघत नाही. गाडी थांबते का, हे सरकार बघतं. गाडी चालते का, हा तुमचा प्रश्न. मला हे धोरण फार शहाणपणाचं वाटतं. न चालणाऱ्या गाडीनं आजवर कुणाला उडवलेलं नाही.

हॉर्न मात्र तपासतात, आणि तो वाजलाच पाहिजे. आता इथे हॉर्न वाजवणं म्हणजे समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करण्यासारखं समजतात. वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्नला मनाई आहे. उरलेल्या वेळात परवानगी असूनही कुणी वाजवत नाही. माझ्या गाडीचा हॉर्न वर्षातून एकदाच वाजतो, तपासणीच्या दिवशी, आणि तोही दुसराच माणूस वाजवतो. पुण्यात जो अवयव दोन वर्षांत झिजतो तो इथे गाडी भंगारात जाईपर्यंत कोरा करकरीत राहतो. वाजवायचा तो सूरही एकच हवा. गाडी मागे घेताना ‘सारे जहाँ से अच्छा’ वाजवणाऱ्यांनी आशा सोडावी.

नंबरप्लेटचीही तीच गत. अक्षरं ठरल्या आकाराची, ठरल्या अंतरावर. आपल्याकडे ४१४१ ला जरा वळण देऊन ‘दादा’ करणारे आणि २१४ मध्ये ‘राम’ शोधणारे जे कलावंत आहेत, त्यांना या देशात भवितव्य नाही.

खरी पंचाईत गणपतीची. ड्रायव्हरच्या थेट नजरेसमोरचा २९० मिलीमीटर रुंदीचा काचेचा पट्टा नियमानं राखीव ठेवलाय. वायपर पुसतो त्या भागात, या पट्ट्यात १० मिलीमीटरहून मोठा तडा किंवा अडथळा चालत नाही, इतरत्र ४० मिलीमीटरपर्यंत खपतो. आमच्या डॅशबोर्डावरचा गणपती बसलेला आहे, पण मुकुट उंच. शिवाय आरशाला लिंबू-मिरची. खऱ्या मिरच्या इथल्या हवेत बुरसटतात म्हणून प्लॅस्टिकची. तपासणीच्या आदल्या रात्री आमच्या घरी गणपती उतरवून शेजारच्या सीटसमोरच्या कप्प्यात ठेवतात आणि लिंबू-मिरची बायकोच्या पर्समध्ये जाते. म्हणजे गाडीला देवाची आणि दृष्ट न लागण्याची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकी त्याच दिवशी ती दोघांविना जाते.

बरं, नापास झालात तर गुपचूप होता येत नाही. कुणीही सरकारच्या संकेतस्थळावर तुमच्या गाडीचा नंबर टाकावा आणि तिचा सगळा इतिहास वाचावा. कधी पास, कधी नापास, कशासाठी नापास, प्रत्येक वेळी किती मैल झाले होते. मालकाचं नाव नसतं, पण गाडी ज्याच्या दारात उभी असते त्याचं नाव गल्लीला ठाऊक असतं. आमच्या मंडळात या सोयीचा भरपूर उपयोग होतो. एकानं गाडी विकायला काढली. “अगदी नव्यासारखी आहे हो, घरातल्या बायकाच वापरतात, भाजी आणायला.” घेणाऱ्यानं चहा पिता पिता फोनवर नंबर टाकला. दरवर्षीच्या मैलांवरून हिशेब केला तर भाजी स्कॉटलंडहून येत असावी. चहा संपला, व्यवहार तिथेच राहिला.

आता मूळ प्रश्न, तपासणी करायची कुठे. केंद्रांना तोटा नाही. देशभरात वीस हजारांहून जास्त आहेत. निळी पाटी आणि तिच्यावर तीन पांढरे त्रिकोण दिसले की समजायचं इथे पासिंग होतं. सरकार स्वतः गाड्या तपासत नाही, गॅरेजांना परवाने देतं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवतं. मोटारीसाठी कमाल फी ५४ पौंड ८५ पेन्स. त्याहून जास्त कुणी घेऊ शकत नाही, कमी कितीही घ्यावी. त्यामुळे रस्त्यारस्त्यावर फलक लागलेले असतात: तीस पौंड, पंचवीस पौंड, सर्व्हिसिंग करा आणि पासिंग फुकट.

मराठी माणूस हे फलक वाचत नाही. तो आधी ओळख शोधतो. नव्यानं आलेला कुणी व्हॉट्सअॅपच्या गटावर विचारतो, “एमओटीसाठी कुणी ओळखीचा आहे का?” मग चोवीस तास त्याच विषयाचं दळण. एकाला एक गुजराती ठाऊक असतो, तो ‘अॅडजस्ट’ करतो. दुसऱ्याचा पंजाबी पहिल्यापेक्षा जास्त अॅडजस्ट करतो. तिसरा तत्त्वाचा असतो, तो म्हणतो की ओळख काढणं चूक आहे, आणि मग आपला पोलंडचा माणूस सुचवतो. ब्रेकच्या तपासणीत अॅडजस्ट करणारा माणूस आपल्याला नेमका कशासाठी हवाय, हे कुणी विचारत नाही. गाडीत आपलीच पोरं बसतात.

स्वस्त फीचं गणितही समजून घ्यायला हवं. तपासणीला चांगला पाऊण तास लागतो. शिकलेला माणूस, लिफ्ट, यंत्रं, जागेचं भाडं, एवढं सगळं पंचवीस पौंडांत कुणाला परवडेल? परवडतं ते पुढच्या दुरुस्तीत. शाळेत पेपर तपासणारे मास्तर आणि संध्याकाळी शिकवणी घेणारे मास्तर एकच असले की वर्गातली निम्मी मुलं गणितात कच्ची निघतात, तसं हे. मी काही वर्षं ज्या गॅरेजात जात होतो तिथे फी नाममात्र आणि यादी कायम लांब. शॉकअॅब्सॉर्बर, पुढचे टायर, ब्रेकच्या डिस्क, आणखी काहीबाही. मालक इतक्या हळव्या आवाजात सांगायचे की पैसे काढताना मलाच त्यांचं सांत्वन करावंसं वाटे. ते खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. खरं बोलत होते की नाही हे कळायला मला मार्ग नव्हता, एवढंच. बहुतेक गॅरेजवाले सचोटीचे असतात, आणि निकाल पटला नाही तर कामाच्या चौदा दिवसांत सरकारकडे दाद मागता येते. पण ज्याला आपल्या नापास होण्यात फायदा आहे त्यालाच आपण परीक्षक नेमायचं, ही पद्धत मुळातच मार्पल्ससाहेबांच्या घराण्यातली.

यावर उतारा आहे आणि तो फारसा कुणाला माहीत नसतो. बऱ्याच कौन्सिलांची स्वतःची तपासणी केंद्रं असतात. आपल्या भाषेत नगरपालिकेची. त्यांना स्वतःच्या कचऱ्याच्या गाड्या, व्हॅन, मिनीबस तपासाव्या लागतात, त्याच ठिकाणी बाहेरच्या लोकांच्या गाड्याही तपासतात. सहसा तिथे बाहेरच्या गाड्यांची दुरुस्ती करत नाहीत. त्यामुळे गाडी पास झाली काय किंवा नापास झाली काय, तपासणाऱ्याच्या पगारात एका पेनीचा फरक पडत नाही. नगरपालिकेच्या कर्मचाऱ्याची निर्विकार वृत्ती, जिच्याबद्दल आपण आयुष्यभर बोटं मोडली, ती या एका कामात सद्गुण ठरते.

(सगळंच सरकारनं का करू नये, असं यावर वाटेल. उत्तर आयर्लंडमध्ये तसंच आहे. तिथे पासिंग सरकारी केंद्रांतच होतं आणि गाडी चार वर्षांची झाल्यावर सुरू होतं. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या बहुतेक लिफ्टना तडे गेलेले सापडले आणि मोटारींची तपासणी थांबवावी लागली. गाड्या तंदुरुस्त, तपासणारी यंत्रं नापास. लोकांना मुदतवाढीचे दाखले वाटले.)

या वर्षी तपासणीच्या वेळी नाना आमच्याकडे आले होते. नाना म्हणजे माझे वडील. एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झाले. इथे आल्यापासून त्यांना करमत नव्हतं. बागेतलं गवत फार शिस्तीत वाढतं अशी त्यांची तक्रार होती. कौन्सिलच्या केंद्रावर चाललोय म्हटल्यावर ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी गाडीत बसले.

केंद्र होतं कौन्सिलच्या डेपोत. फाटकापाशी कचऱ्याच्या गाड्यांची रांग, आत डिझेलचा आणि ग्रीसचा वास. नानांनी छाती भरून श्वास घेतला. या देशात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं माणूस भेटल्याचा भाव आला. गाडीची तपासणी बघायचा आपल्याला हक्क असतो, मधे बोलायचा नसतो. बघण्याची जागा काचेपलीकडे होती हे देवाचे उपकार.

“रोलरवर घेतली,” नाना म्हणाले. “आता मागचे ब्रेक बघंल.”

त्यानं मागचे ब्रेक बघितले.

“हातोडी घेतली बघ. गंज ऐकतोय.” तपासणारा गाडीखाली उभा राहून छोट्या हातोडीनं पत्र्यावर टकटक करत होता. नानांनी डोळे मिटले. काचेतून काही ऐकू येत नव्हतं, तरी मान हलवून दाद दिली. “कामाचा माणूस आहे. ह्यो आपल्या डेपोत चालला असता.”

“नाना, पण उघडून काही बघत नाहीत हं. काहीही खोलायचं नाही असा नियम आहे.”

“तू इंजिनिअर झालास, तुला खोलल्याशिवाय कळत नाही. त्याला कळतं.”

मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. मी काहीच खोलत नाही. पण बोललो नाही.

दीड मिलीमीटरवरून माणसं नापास होतात ती जागा म्हणजे टायर. नक्षीची खोली १.६ मिलीमीटरच्या खाली गेली की खेळ खलास. घरच्या घरी बघायचं तर वीस पेन्सचं नाणं खोबणीत उभं घालायचं, नाण्याची बाहेरची कड पूर्ण बुडाली तर निश्चिंत असावं. नानांनी ही युक्ती आदल्या दिवशीच चारही टायरवर करून घेतली होती आणि मग नाणं खिशात घातलं होतं. ते नाणं परत आलं नाही.

तपासणारा बाहेर आला तो नापासाचा कागद घेऊन. माझ्या काळजात धस्स झालं. मागच्या यादीतल्या टायर, डिस्क, शॉकअॅब्सॉर्बरपैकी काय काय निघालं म्हणून बघतो तर एकच ओळ: मागचा डावा ब्रेकलाइट लागत नाही. बस्स. २०१८ पासून दोषांचे प्रकार पाडलेत: धोकादायक, मोठे आणि किरकोळ, शिवाय नुसते सल्ले. ब्रेकचा एक दिवा हा ‘मोठा’ दोष. म्हणजे नापासच.

मी हिरमुसलो. नाना एकदम खूश.

“नापास केलं ना? मग बरोबर आहे. पासच केलं असतं तर मला शंका आली असती.”

रस्त्यापलीकडच्या दुकानातून बल्ब आणला. दोन-चार पौंडांचा. बसवायचे वेगळे पैसे, असं दुकानदार सांगत असताना नाना ऐकूही न येण्याइतके पुढे निघून गेले होते. कौन्सिलच्या फाटकाबाहेर, ब्रिटिश पावसात, सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसानं मागचा दिवा उतरवला, वीस पेन्सच्या नाण्यानं स्क्रू फिरवून. (नाणं कुठे गेलं होतं ते तेव्हा कळलं.) मला काम एकच होतं, आत बसून ब्रेक दाबायचा. “दाब. सोड. दाब. सोड म्हटलं ना!” माझ्या मुलांनी हे ऐकायला हवं होतं. त्यांचा बाप कुणाचं तरी ऐकतो यावर त्यांचा विश्वास नाही.

दिव्यासारख्या ठरावीक बारीक दोषांची फेरतपासणी दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत परत आणली तर त्याच केंद्रावर फुकट होते. आम्ही तशीच गाडी आत घातली. त्यानं ब्रेक दाबायला लावून दिवा बघितला, कॉम्प्युटरवर पासची नोंद केली आणि बल्ब कुणी बसवला असं विचारलं. मी नानांकडे बोट दाखवलं. नानांनी खिशातून फोन काढून त्याला लाल एसटीचा फोटो दाखवला. टपावर सामान, दारात माणसं, मागे घाट. त्यानं तो बराच वेळ बघितला आणि मला विचारलं की या गाड्या पास कोण करतं.

मी भाषांतर केलं.

“त्याला सांग,” नाना म्हणाले, “आरटीओ करतो. पण त्याच्याआधी मी करतो.”

कौन्सिलची केंद्रं सगळीकडे नाहीत, आणि जिथे आहेत तिथे सहसा शनिवार-रविवारी कुलूप असतं आणि फीत सूट मिळेलच असं नाही. तरी ब्रिटनमध्ये गाडी असेल तर आधी कौन्सिलला फोन करा, मग पंचवीस पौंडांच्या पाट्या वाचा. मुदत संपायच्या एक दिवस कमी महिनाभर आधी जाऊन आलात तरी पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते, त्यामुळे शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. तारीख ध्यानात राहत नसेल तर सरकारच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर नोंदवा, महिनाभर आधी फोनवर आठवण येते, फुकट. आणि निघण्यापूर्वी घरातल्या एकाला गाडीच्या मागे उभं करून ब्रेक दाबा. नापास होण्याच्या कारणांत दिवे कायम वरच्या क्रमांकावर असतात.